वीस मिनिटं

लोहगाव, पहाटे चार पन्नास.
दिल्ली आणि बेंगळुरू, दोन्ही विमानं एकदम.
खुर्ची अजून बिस्वालच्या अंगाने गरम.
तो उठतो, डोळे चोळतो, मोडक्या मराठीत म्हणतो,
"बस मोहिते, आज पूर्ण पुणे बाकरवडी घेऊन चाललाय."

धातू निळा.
सेंद्रिय ते नारिंगी.
मधलं, धड हे ना धड ते, हिरवं.
बाकरवडी नारिंगी, साबण नारिंगी, पोथी नारिंगी.
स्फोटकही नारिंगीच,
हे प्रशिक्षणात सांगतात तेव्हा कुणी हसत नाही.

पट्टा सरकतो.
चार्जरच्या वायरींचा गुंता. पुन्हा गुंता.
एका बॅगेत नुसते घुंगरू, दोनशे तरी, निळी द्राक्षं.
एकीत गुडघ्याखालचा सुटा पाय, बिजागरीसकट,
बहुधा जादाचा.
नारळ मात्र लगेच दिसतो.
पलीकडे तिर्की समजावते, "काका, खोबऱ्यात तेल असतं."
"तेल माझ्या डोक्यालाही आहे. तेही इथेच ठेवू का?"

मशीन अधूनमधून खोटं बोलतं.
कुणाच्या तरी स्वेटरांत नसलेलं पिस्तूल ठेवतं
आणि वाट बघतं.
मी बटण दाबलं की पिस्तूल विरतं,
पडद्यावर शाबासकी येते.
अकरा वर्षांत खरं एकदाही नाही.
माझी सगळी शाबासकी
नसलेल्या पिस्तुलांची.

मंगळवारी एक सुटलं.
सुरा होता, चांगला वीतभर,
छत्रीच्या काड्यांशेजारी आडवा.
साहेबांनी चित्र परत दाखवलं.
शेंबड्या पोरालाही दिसला असता.
फॉर्मवर एक चौकट असते : कारण.
झोप झाली होती. पोरगी बरी होती.
घरात भांडण नव्हतं. बारावं मिनिट होतं.
डोळे उघडे होते,
छत्री पाहिल्याचं तर मला आठवतंय,
छत्री आहे, असं मनात म्हटल्याचंही.
चौकटीत मी लिहिलं, झोप अपुरी.
साहेबांनाही ते बरं वाटलं.

तेव्हापासून छत्री आली की पट्टा थांबवते.
मागे घेते, पुढे घेते, काडी न् काडी मोजते.
रांग कुरकुरते.
आणि छत्रीच्या पुढच्या बॅगेत काय होतं
ते विचारलं तर सांगता येत नाही.
बिस्वाल म्हणतो, तू आता छत्र्या तपासतेस.

पाच दहा. तिर्कीचा हात खांद्यावर.
एक बॅग अर्धी आत, अर्धी बाहेर :
एक चाक, थोडी मूठ.
ती आता तिची.

उठल्यावर भिंतीकडे बघायचं असतं,
डोळ्यांना विसावा म्हणून.
पांढरी भिंत, नुकती रंगवलेली.
जे जे नारिंगी पाहिलं
ते तिच्यावर थोडा वेळ निळं उमटत राहतं.
बाकरवडीसुद्धा.