मांडीचं माप

चॅपलबाहेर सगळे म्हणतात,
इलविन, बाळसं धरलंस की!
तो हसतो. गाल डोळ्यांवर चढतात.

घरी आल्यावर मी शिवणाची टेप काढते.
गुडघ्याच्या वर चार बोटं, डावी मांडी:
मागच्या नाताळात सत्तेचाळीस,
आज एकोणचाळीस आणि थोडं.
त्या थोड्याचं मी त्याला चाळीस करून सांगते.

पट्टा पोटाला पुरत नाही,
आणि पाय पाटलोणीत सापडत नाहीत.

सकाळी सहा गोळ्या, लहान, लाल,
न्याहारीनंतरच, नाहीतर पोट जळतं.
त्या श्वास देतात, हे खरं.
रात्री तो आता आडवा होऊन झोपतो.
पण देणारं कुठून तरी घेऊनच देणार.

हाच माणूस ब्लायनायच्या खाणीत
एका दगडाची सोळा पानं काढायचा,
छिन्नीला नुसतं कुजबुजल्यासारखं करून.
कुठल्या कुठल्या देशांतली पोरं म्हणे
त्या पाट्यांवर मुळाक्षरं गिरवायची.
पुसलेली धूळ त्यांनी फुंकून दिली असेल.
याने ती आत घेतली, चाळीस वर्षं.

फिजिओवाली लौरी सांगून गेलीय:
हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठायचं.
एकदा उठतो.
दुसऱ्यांदा, हनुवटी आधी, बाकीचा मागून.
तिसऱ्यांदा गुडघे थरथरतात
आणि माझ्याकडे न बघता तो म्हणतो,
"चहा टाक."

मी टाकत नाही.
समोर उभी राहते, हात पाठीमागे घट्ट धरून.
पुढे केले तर तो धरेल.