वात

पंप नकोच म्हणाले मी.
परवाच्या साली मारला होता मोरदऱ्याच्या उतारावर,
वारा मधेच फिरला.
रानतुळस मेली. तिच्यासोबत मारवेल गेलं, पवन्या गेला,
आठ दिवसांत सगळा उतार
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.
आणि त्या करपलेल्या मातीत पुढच्या पावसाला
सगळ्यांच्या आधी उगवलं कोण?
रानतुळस.

तर औंदा वात.
पाइपात औषध, पाइपाच्या तोंडाला वात.
गवताच्या डोक्यावरून फिरवायची,
गवताहून जे उंच तेवढंच पुसायचं.
कागदावर एवढंच होतं.
वात कुठली, ते कागदावर नव्हतं.

आधी आली स्पंजाची. पिवळी, गुबगुबीत.
उभी धरली की कोरडी, आडवी धरली की रडकी.
नुसतं पाणी भरून, जुन्या रजिस्टरची पानं अंथरून
मी तिला वीस पावलं चालवली:
एकतीस थेंब.
एकतीस जागी गवत जाणार,
आणि या दिवसांत गवताच्या बुडाशी
लांडोर अंड्यांवर बसलेली असते.

मग नायलॉनची दोरी.
ती थेंब सांडत नव्हती
कारण ती पीतच नव्हती.

पाटोद्याच्या बाजारात चाँदपाशा पिंजारी.
गाद्या आता कारखान्यातून येतात, स्टोव्ह माळ्यावर गेले,
तरी वरच्या फळीवर वातींचं एक बंडल आहे अजून.
"रॉकेल चढवायचं का बाई?"
"नाही चाचा. जहर."
त्यांनी वर पाहिलं नाही.
सूत चिमटीत घेतलं, उलगडलं,
जिभेच्या टोकाला लावून बघितलं किती ओढतं.
"पिळलेली नका घेऊ, इनलेली घ्या.
घट्ट असली तर पेत नाही, ढिली असली तर धरत नाही.
वात कशी पायजे,
शिवल्याबगर देऊ नये तिनं."

सव्वा हात घेतली. दोन ठिकाणी तारेनं आवळली.
वीस पावलांत
एकही थेंब नाही.
मी पुन्हा चालले, यावेळी चाळीस.

दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत,
जांभळं फूल धरायच्या आत.
औषधात लाल रंग, म्हणजे पुसलेली कुठली ते कळतं.
कौसाबाईनं दुसरी कांडी हातात घेतली आणि थबकली.
"तुळस म्हणता, मग चप्पल काढू का?"
"चप्पल नाही, बूट घाला. आणि हातमोजे."
तिनं एक पान चुरगळलं, हुंगलं,
नाक मुरडलं.
"नावाची हाय. वळखीची न्हाई."
आणि चालायला लागली,
अंगण सारवताना हात फिरतो तशी,
डावीकडून उजवीकडे, मग उलट येऊन पानाची दुसरी बाजू.

ओढ्याच्या काठाला मात्र गवतच छातीएवढं,
रानतुळस त्याच्या पोटात लपलेली.
तिथं वात काय करणार?
तिथं आम्ही वाकलो
आणि मुळासकट उपटत बसलो दुपारपर्यंत.
पाणवठ्यापासून लांब खड्डा करून
वात तीन पाण्यांनी धुतली.
तरी लालसर राहिली.

बाराव्या दिवशी वही घेऊन गेले.
उभ्या जागी वाळलेल्या काड्या,
खाली मारवेल हिरवं,
वर काय घडून गेलं याची त्याला खबरच नाही.
काड्या मोजत गेले, लिहीत गेले.

फक्त वडाच्या वाकणाशी
तळहाताएवढं गवत पिवळं पडलेलं.
वातीचा दोष नाही.
त्या जागी मी थांबले होते
कांडी तिरकी धरून,
किती वेळ ते सांगता येत नाही.
समोरच्या खडकावर मोर आला होता.

वहीत लिहिलं: गळती, एक जागा.
कारणाचा रकाना
कोराच ठेवला.