भांगाचं पाणी

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय,
प्रकृती समाधानकारक.
कोणाचं समाधान, ते नाही लिहिलं.

खुब्यात सळई घालून
दापोलीहून मला घरी आणलं, त्याला आज एकवीस दिवस.
मुलगा ट्रॉलरवर, सून बर्फाच्या फॅक्टरीत,
आणि मी खिडकीशी, त्या चार पायांच्या वॉकरसमोर,
जसा काही तोच आजारी आहे
आणि मी भेटायला आलेय.

सकाळी नऊला रेहाना येते, अडखळहून.
गावाचं नाव अडखळ, आणि काम काय,
तर म्हातारीला न अडखळता चालवायचं.
पहिल्या दिवशी हसू यायला हवं होतं.
आलं नाही.

बीपी बघते, जखम बघते,
मग कागद काढून विचारते,
मावशी, गेल्या दोन आठवड्यांत
किती दिवस उदास वाटलं?

दिवस कोण मोजतं गो.
जन्मभर मी तिथीनं चालले.
पुनवेला उधाण, अष्टमीला भांग.
लिही तुझ्या कागदावर,
द्वारका पावसेच्या घरात भांगाचं पाणी आहे,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
होडी ना टेकते ना तरंगते.

तिनं पेन थांबवलं.
चौकोनात एवढं मावत नव्हतं.

संध्याकाळी बंदरावर लिलाव लागतो.
आवाज इथवर येतो, शब्द येत नाहीत.
चाळीस वर्षं त्यातला एक आवाज माझा होता.
आता पाणी हवं तरी भांडं वाजवते.

काल रेहानानं घरी जाताना बांगडे घेतले.
आज सांगत होती, दोनशेला चार, मावशी.
दोनशेला चार!
कल्ला उचलून बघितलास? डोळा बघितलास?
कोणी दिले? त्या शेवंतीनं? थांब,
म्हणत मी
उभी होते.
दाराशी होते.
वॉकर कधी धरला, मला ठाऊक नाही.

रेहाना काही बोलली नाही.
खाली बघून पावलं मोजत होती, तेवढं दिसलं.

दुपारी परत तेच.
भिंतीकडे तोंड. पेज नको.
चार बांगड्यांनी मन भरत नाही,
हे तिलाही कळत असणार,
म्हणून सकाळची आठवण करून दिली नाही तिनं.
पेज झाकून ठेवली
आणि तळपायाला तेल लावत बसली.

आज नवमी.
भांग एका दिवसात सरत नाही.
दशमी-एकादशीला पाणी बोटभर वर येतं,
काठावरच्याला दिसत नाही,
नांगराच्या दोराला कळतं.

उद्या येताना बोंबील आण, म्हटलं.
खायला नको.
बघायला आण.