शेवंतीला रात लागते

कूलरची गंजकी टाकी, तळाला पाडलेली दोन भोकं,
त्यात हाजराबीनं दिलेल्या चार काशा.
आमच्या सेलूत शेवंती विकत आणून लावत नाही कुणी,
ती या परसातून त्या परसात
ओल्या फडक्यात गुंडाळून जाते.

दिवाळी गेली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार गेला.
पानं हिरवीगार, फांद्या कमरेला लागतात,
कळी मात्र एक नाही.
शेणखत घातलं, ताक ओतलं,
एकदा तर चिडून बोललेसुद्धा तिला.

हाजराबी आली, टोपली कडेला घेऊन उभी राहिली.
झाडाकडं नाही, वर बघितलं तिनं:
नगरपालिकेनं आषाढात बसवलेला दिवा,
पांढराफेक, अंगणात पडलेली सुई सापडावी असा.
"कामून फुलंल, सिस्टर?
रात होऊच देईना गेलाय तिची."

मग रोज साडेपाचला, ड्यूटीवर निघताना,
टाकीवर काळं घोंगडं घालू लागले
आणि सकाळी आठला येऊन काढू लागले.
शेजारचे पवार म्हणाले, पोपट पाळला काय?
एकवीस वर्षं मी
ट्यूबलाइटखाली सलाईनचे थेंब मोजते आहे.

एकविसाव्या दिवशी कळ्या. हिरव्या, मिरीएवढ्या.
फुलली ती पौष सरता सरता,
सगळ्यांच्या मागून, हळदीसारखी.

पहिली ओंजळ सात नंबरच्या गयाबाईला.
पहाटे चारला गेली ती, लेक अजून रस्त्यात,
बाजार उघडायचा होता.
दुसरी दर्ग्याला. एक वेणी पवारांच्या सुनेच्या ओटीभरणाला.
हाजराबीचा तराजू विचारत नाही कशाला पाहिजे;
हाराला, तिरडीला, चादरीला एकच भाव.
ती गिऱ्हाइकाच्या उभं राहण्यावरून ओळखते
आणि तिरडीच्या फुलांत मूठभर जास्त टाकते.

उरली ती सुपात वाळवली.
चिमूटभर गरम पाण्यात टाकायची, गार झालं की
कापूस भिजवून डोळ्यांवर ठेवायचा;
हेही तिनंच सांगितलं. गुण येतो का, माहीत नाही.
वास येतो. कडसर, पावसाळी कपाटासारखा.

आज झाडाला घोंगड्याचं काम उरलं नाही.
सकाळी आठ वाजून वीस मिनिटं.
खिळे होतेच खिडकीला, पडद्याचे.
घोंगडं अडकवलं, कापूस ठेवला, आडवी झाले.
बाहेर भंगारवाला ओरडत होता,
कूलर, लोखंड, डबे.
टाकी द्यायची नाही, एवढं सांगायचं होतं त्याला.