चेपें काढताना

माझ्या डोक्यावर दोन भोवरे.
आई म्हणायची, याची दोन लग्नं होणार.
एकही झालं नाही.
मागचे केस मात्र उभे राहिले ते राहिलेच,
तेल थापा, पाणी मारा,
अंड्यांवरून उठवलेल्या कोंबडीसारखे.

म्हणून मडगावच्या जुन्या बाजारात
लुदोविन मेस्ताने खुंटीवरची राखाडी हॅट काढून
'हें चेपें तुका' म्हणत माझ्या डोक्यावर ठेवली,
तेव्हा आरशात मला दिसली ती सुटका.

घरी आई म्हणाली, हॅट?
आमच्यात कुत्र्याला हाकलताना म्हणतात ते?

लुदोविनच्या तोंडात कायम टाचण्या,
त्यामुळे त्याचे सगळे नियम दातांच्या फटीतून यायचे.
माथ्याला चिमटीत धरू नकोस, तिथेच फाटते.
बाईमाणूस दिसलं की उचल.
उंबरा ओलांडलास की काढ.
इगर्जीत काढ. मेलेल्याची पेटी जाताना काढ,
तुझा सावकार असला तरी.
काढलीस की अस्तर आपल्याकडे,
घाम लोकांना दाखवायचा नसतो.
आणि ते खोबरेल सोड, पट्टी कुजते.

आणि केस? मी विचारलं.
तो कुणाच्यातरी बाहीचं माप घेत राहिला.

बाबांचं सगळंच उलट होतं.
चारचौघांत बोडक्याने जाणं म्हणजे उर्मटपणा,
त्यांची काळी टोपी उतरायची ती फक्त आंघोळीला.
एकाच डोक्यात दोन रिवाज,
वर दोन भोवरे.

मग मी लबाड्या शिकलो.
औषधं खिडकीतूनच मागायची.
लग्नाला गेलो तर बाल्कांवातच बसायचं,
आत उकडतं म्हणायचं.
ट्रेझरीत साहेब बघत राहिले,
मी कपाळाला हात लावून डोकेदुखी सांगितली.
मालिनी सरदेसाई रस्त्यात थांबून हसल्या,
मी कड उचलली,
अर्धा इंच,
केसांना पत्ता लागणार नाही एवढीच.
त्या पुन्हा थांबल्या नाहीत.

लुदोविन गेला आषाढाच्या आधी.
दिवाडीच्या फेरीवर वारा असा
की हॅट दोन्ही हातांनी धरून उभा होतो,
कुणाला वाटावं मीच मोठ्याने रडतोय.

पेटी दारातून निघाली.
सगळ्यांची डोकी उघडी.
माझा हात वर गेला
आणि कडेशी अडकला.
सावकार असला तरी, तो म्हणाला होता.
हा तर माझ्याकडून शिलाईसुद्धा अर्धीच घ्यायचा.

काढली.

कपाळावर लाल वळ, त्याच्यावर आडवं झालेलं भात,
आणि मागे दोन तुरे, सावकाश,
एकामागून एक उठत गेले.
एक पोरगी फिसकन हसली.
पेटीला खांदा दिलेल्या मिंगेलचा खांदा हलला,
लुदोविनला बहुतेक जाणवलं असेल.

केरोबिन बाय काळ्या झग्यात पुढे आली.
मला वाटलं, आता बोलणार.
तिने दारातल्या घागरीत हात बुडवला,
ओला तळवा माझ्या डोक्यावर दाबून धरला,
पुढून मागे, पुन्हा पुढून मागे,
रोजचं काम असल्यासारखी.
पुता, म्हणाली, लुदूचेही असेच.
दुसऱ्याच्या दारात चेपें काढलं की
घटकाभर उंबऱ्यावर थांबायचा, हात डोक्यावर.
लोक म्हणायचे, केवढी अदब या माणसाची.
आणि तिला हसू आलं,
आणि मग जे यायचं होतं ते आलं.

परतताना हॅट मांडीवर, माथा खाली.
वारा केसांचं काय करायचं ते करत होता.
स्कूटरवाला म्हणाला, पात्रांव, चेपें घाला, उडेल.
म्हटलं, असू दे.
आतल्या पट्टीत एक पांढरा केस अडकला होता,
आखूड, टोकाला वळलेला,
माझा नव्हे.
नख लावलं.
मग स्कूटरवाला बघतोय असं वाटलं
आणि अस्तर माझ्याकडे वळवलं.