नकलनवीस

वडील केजच्या तहसिलीत नकलनवीस.
निजामाच्या काळातले खासरे
उजवीकडून वाचायचे, डावीकडून लिहायचे.
उर्दूतली विहीर मराठीत आणायचे,
बांधावरची बाभळ तिच्या सावलीसकट.
एकदा एक नुक्ता घसरला आणि दोन एकर
भलत्याच चुलत्याच्या नावावर गेले. चौदा वर्षं कोर्ट.
तेव्हापासून प्रत्येक नक्कल ते दोनदा वाचायचे,
दुसऱ्यांदा मोठ्यानं, आईला समोर बसवून.

पुण्यात वर्गात सर म्हणाले,
रेट्रोव्हायरस उलटा लिहितो,
आरएनएवरून डीएनए.
सगळे चमकले. मी नाही.
मला घरचाच माणूस दिसला, चष्मा दोरीनं बांधलेला.
फक्त हा दुसऱ्यांदा वाचत नाही.
चुकतो, चुकत राहतो,
आणि चुकतो म्हणूनच कुणाच्या हाती लागत नाही.

मग अंबाजोगाई. सव्वीस वर्षं.
प्रयोगशाळा म्हणजे जुनी एक्स-रेची खोली,
खिडकीच्या काचा अजून काळ्या.
उणे ऐंशीचा फ्रीझर आला तेव्हा मुनीरनं नारळ फोडला.
पुढे एका मे महिन्यात वीज गेली, डिझेल संपलं,
तर तोच कुल्फीवाल्याच्या दारात उभा राहिला
आणि मीठ कालवलेला बर्फ घेऊन आला, सायकलवरून.
तरी तीनशे अकरा नळ्या गेल्या.
प्रत्येकीसमोर मी 'नष्ट' लिहिलं
आणि पायरीवर जाऊन बसले.
नळ्यांतली किती माणसं त्याआधीच गेली होती
त्याचं रजिस्टर वेगळं.

दोनशे सतरा.
नवरा ट्रकवर होता, हैदराबाद लाईनला. वारला.
दीर म्हणाला, हिची भांडी वेगळी ठेवा.
ती म्हणाली, मी घरच वेगळं ठेवते.
गोळी नाही, ताप नाही, अठरा वर्षं
विषाणू तिच्या पेशीत बसून आहे,
ओसरीवर बसवलेला आणि चहा न विचारलेला
पाहुणा जसा.
का, याचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे.
अर्धं तिच्याकडेही नाही.

दर सहा महिन्यांनी धारूरच्या गाडीनं यायची,
पिशवीत सीताफळं, बाही आधीच वर सारलेली.
"इतकं रगत नेलं, घावलं का काही?"
बघतेय, मी म्हणायचे.
खोटं नव्हतं ते.

एकदा तिला सांगितलं,
आपल्या अंगातल्या पोथीची शंभरातली आठ पानं
असल्याच जुन्या घुसखोरांनी लिहिलेली,
त्यांतल्याच एकाच्या अक्षरावर
आईच्या पोटात वार धरते.
ती सीताफळाची बी थुंकून म्हणाली,
"मग त्याला लई शिव्या देऊ नये म्हणा."
आणि पुन्हा, थांबून,
"ह्याला मातर देणार मी."

पेपर छापून आला. सात पानं, चार आलेख.
तिनं बोट फिरवलं ओळींवरून, खालपर्यंत.
"ह्यात मी कुठंय?"
मी तिचं बोट धरून आकड्यावर ठेवलं.
"एवढीशी?"
बराच वेळ काही बोलली नाही.
मग हसली.
"बरंय. दिराला घावायची न्हाई."

नावांचं पाकीट मी लाखेनं बंद केलंय.
इथेही ते उघडणार नाही.

उद्या किल्ली द्यायची.
आज फ्रीझर उघडा, हातमोजे पांढरे,
खोलीभर थंड वाफ.
यादी एकदा वाचून झाली.
आता दुसऱ्यांदा, मोठ्यानं,
मुनीरला समोर बसवून.
दोनशे पंधरा. आहे.
दोनशे सोळा. नष्ट.
दोनशे—

माझा आवाज कुठे अडकला त्याला कळलं.
त्यानं नळी उजेडात धरली, पुसली,
आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाला,
आहे.