एक हजार चोवीस

दोन हजार चार साली एक फॉर्म भरला होता.
तेव्हा वडगावात अडीचशे घरांत आमची केबल,
छपराछपरांवरून ताण्यासारखी ओढलेली,
खाली मागांची खटखट.
फॉर्मनं विचारलं, किती पत्ते हवेत?
बसवण्णी म्हणाला, माग रे, फुकटातच हैत.
मागितले. मिळाले. एक हजार चोवीस.
ना मराठी, ना कन्नड,
नुसते आकडे, मध्ये तीन टिंबं.

आता दुबईहून रोज फोन.
बाई हिंदीत गोड बोलते:
जगातले पत्ते संपले, साहेब,
नवे पिकत नाहीत.
एकेकाचे बावीस डॉलर.
बिलबुकाच्या पाठीवर गुणाकार केला, दोनदा.
येळ्ळूरच्या आमच्या भाताच्या वाफ्याला
एवढा भाव कुणी सांगितला नव्हता.
जिला माती नाही, बांध नाही,
जिच्या उताऱ्याच्या लिपीवरून तंटा नाही,
अशी जमीन मी वीस वर्षं कसत होतो
आणि मला पत्ताच नव्हता.

एक खोड मात्र होती तिला.
कुठल्याशा नकाशात तिची नोंद कोल्हापूरची.
कुणी केली, का केली, कळलं नाही.
वडगावात बसून लोकांना जाहिराती दिसायच्या
शाहूपुरीतल्या सोफ्यांच्या,
रंकाळ्याजवळच्या दंतवैद्याच्या.
गिऱ्हाइकं वैतागायची.
खूश एकटे नारूकाका सांबरेकर.
दर एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधणारा माणूस,
पडद्यावर वाचलं,
तुमचे ठिकाण: कोल्हापूर, महाराष्ट्र,
तर त्याची छापील प्रत काढून काचेत बसवली.
म्हणाले, एवढ्या लाठ्या खाल्ल्या,
एवढ्या तारखा पडल्या,
आणि निकाल दिला तुझ्या डब्यानं.
बसवण्णी खांबावर होता.
वरूनच ओरडला,
काका, लाइटबिल तेवढं इथलंच भरा!

काल विक्रीचा फॉर्म उघडला.
वही समुद्रापलीकडे, ब्रिस्बेनला.
तिथल्या कुणी वडगाव पाहिलेलं नाही,
पण आम्ही जगाला सापडतो की नाही
ते तिच्या एका ओळीवर.
दिल्लीचा शिक्का शोधला,
बंगळूरचा, मुंबईचासुद्धा.
कुठे नव्हता.
दुकानाच्या पाटीवर इथे आम्ही अक्षरांची उंची मोजतो,
वरची ओळ कुणाची, खालची कुणाची,
आणि घरांचे आकडे
परदेशातली एक वही सांभाळते
बिनबोभाट.

बाराव्या रकान्यात प्रश्न होता:
या मालमत्तेबाबत काही वाद आहे का?
हो.
नाही.

बोट थांबलं.
बेळगावच्या माणसाला
इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं.

सगळे विकले तर नऊशे घरं
एकाच पत्त्याआड जातील,
एकच दार, एकाच उंबऱ्यावर सगळ्यांच्या चपला.
कुणी काही भलतंसलतं केलं
तर पोलीस कुणाची ओळखणार?
काका उद्या पडद्यावर बंगळूरला पोचतील,
नाहीतर फ्रँकफुर्टला,
आणि आमचे आकडे कुणाच्या घरी राबतील
ते मला कधीच कळणार नाही.
पण लेकीची फी आहे. जुन्या तारा कुजल्यात.

"विकूलालैस?" बसवण्णीनं विचारलं.
त्याची मराठी अशी, माझं कन्नड त्याहून वाईट;
एकानं तार धरायची, दुसऱ्यानं जोडायची
एवढ्यावर वीस वर्षं गेली.
सातशे अडुसष्ट विकतो, म्हटलं.
दोनशे छप्पन्न ठेवतो.
त्यातला एक काकांच्या नावे, कायमचा.
तो बराच वेळ पक्कड पुसत राहिला.
मग म्हणाला, मलाबी एक ठेव.
कुठला दिसला तरी चालतंय.

मी 'नाही' दाबलं.
चक्र फिरलं थोडा वेळ,
मग फॉर्मनं विचारलं,
नक्की?